स्वयंपाकघरालगतची खोली

नाना, मलकपेठचं आपलं घर पाडलं, शेजारी भाड्याने राहून तिथेच मी नवं बांधते आहे. भिंतींना ओल चढली होती, मागचा स्लॅब गळत होता. दादाने फोनवर सांगितलं, तुला हवं तसं बांध, मला त्यातलं काही नको. कागद सह्या करून पाठवलेही. मग मी चौकटींची वही आणली आणि तुमच्यासारखाच नकाशा काढायला बसले, एका चौकटीला एक फूट. आर्किटेक्ट कशाला, राहणार आपण, असं तुम्ही ऑफिसात सगळ्यांना सांगायचात. मीही माझ्या शाळेत बाकीच्या शिक्षिकांना तसंच सांगितलं.

तुमचा नकाशा जमिनीवर उतरला तो रविवार मला आठवतो. मी अकरा वर्षांची. मेस्त्री खुंट्या ठोकून सुतळी ताणतो आहे, आणि त्याच्यामागे तुम्ही, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, वाकून चुन्याची फक्की सोडता आहात. दुपारपर्यंत सगळं घर पांढऱ्या रेघांत मांडून झालं. आई स्वयंपाकघराच्या रेघांत जाऊन उभी राहिली. नसलेल्या ओट्यावर तिने पोळी लाटली, वळली, मोरीपर्यंत हात पोचतो का पाहिलं आणि म्हणाली, मोरी वीतभर अलीकडे घ्या. तुम्ही घेतलीत. दादा रेघा ओलांडत पळत होता, त्याला तुम्ही अडवलंत. "भिंतीतून काय येतोस? दार ठेवलंय ना?" तो मुकाट्याने मागे गेला, वळसा घालून दारातून आत आला. मेस्त्रीही हसला. भिंती उठल्यानंतर आपण चौघं असे एकत्र हसल्याचं मला आठवत नाही.

स्वयंपाकघराला लागून सात बाय आठची एक खोली होती. नकाशात तिच्यात तुम्ही माझ्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं होतं. मी तिच्या रेघांत उभी होते. तुम्ही शेजारच्या, दादाच्या खोलीत गेलात, पावलं मोजलीत आणि म्हणालात, ही फार लहान झाली. मेस्त्रीने समजावलं, "साब, चूने में कमरा छोटाच दिखता. दीवार उठी तो बराबर हो जाता." तुम्ही ऐकलं नाहीत. मुलगा उद्या बायको आणेल, कपाट लागेल, असं काहीतरी बोलत तुम्ही मधली रेघ पायाने पुसून टाकलीत. मी जागची हलले नव्हते, तरी आता दादाच्या खोलीत उभी होते. मी विचारलं, "मग मी?"

"तू काय, जाणारच आहेस," तुम्ही म्हणालात.

रागाने नाही म्हणालात. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात. हाताचा चुना केसांना लागला, तो आईने घरी गेल्यावर धुतला.

मेस्त्रीचं खरं ठरलं. भिंती उठल्या तेव्हा दादाची खोली एवढी मोठी झाली की तिच्यात पलंग हरवल्यासारखा दिसायचा. तुम्ही त्याबद्दल कधी बोलला नाहीत. दादा शिकायला गेला तो परदेशातच राहिला. मी गेले नाही. एका स्थळाला तुम्ही नको म्हणालात, दोन ठिकाणी मुलाकडचे म्हणाले, मग विषय निघेनासा झाला. मी दिलसुखनगरच्या शाळेत शिकवायला लागले आणि हॉलमधल्या दिवाणावर झोपत राहिले. सकाळी दूधवाला यायच्या आत अंथरूण गुंडाळलेलं असायचं. आई दादाची खोली रोज झाडायची. तो कधीही येईल म्हणायची. तो तीन वर्षांतून एकदा यायचा आणि हॉटेलात उतरायचा.

परवानगीसाठी नकाशावर आर्किटेक्टची सही लागते, म्हणून परवा वही घेऊन नल्लकुंट्याला गेले. एक तेलुगू मुलगी आहे, माझ्या जुन्या विद्यार्थिनी आता असतील त्या वयाची. तिने वही वाचावी तशी सावकाश पाहिली. मापं अगदी बरोबर आहेत म्हणाली, कोणी शिकवलं विचारलं. वडिलांनी, मी सांगितलं, आणि मला बरं वाटलं. मग ती पेन्सिलीचं टोक एकेका खोलीवरून फिरवत गेली. हॉल, स्वयंपाकघर, देवघर, मागचा व्हरांडा, आणि बारा बाय चौदाची एक खोली, जिच्यात मी "दादा" लिहिलं होतं.

"ये तो भाई का है. आपका किधर है, आंटी?"

मी पाहिलं. महिनाभर मी ती वही खोडत आणि काढत होते. मोरी ओट्यापासून किती लांब हवी हेही ठरलं होतं. हॉलमध्ये मी एक दिवाण काढला होता, सहा बाय तीन.

"हम हॉल में सोते," मी म्हणाले.

ती हसली नाही. 

"अकेलेच रहते ना आप?"

मी हो म्हणाले. तिने वही परत केली आणि नकाशा नीट करून आणा म्हणाली. मेट्रोत बसल्यावर मला तुमचा फार राग आला. मलकपेठ येईपर्यंत तो टिकला नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आईला नऊ. दादाच्या खोलीची किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असायची. आत पंखा होता, पलंग होता, गादीला दर दिवाळीला मी ऊन दाखवत होते. मी कुठल्याही दिवशी आत राहायला जाऊ शकले असते. फडकं मारायचे आणि दार ओढून घ्यायचे. कोणी विचारलं तर भावाची खोली आहे म्हणून सांगायचे. पण मी ती दादासाठी ठेवली नव्हती. मी दिवाणावर झोपत होते तोवर तुम्ही चुकलेले होतात, आणि रोज अंथरूण घालताना तुम्हाला ते ऐकवता येत होतं.

आज "दादा" खोडलं. खोली दहा बाय बाराची केली आणि तिच्यात माझं अक्षर लिहिलं. उद्या वही त्या मुलीला द्यायची आहे, त्याआधी तुम्हाला लिहिलेलं हे पान तिच्यातून फाडून घेईन. खोली चांगली होईल, पूर्वेला खिडकी आहे. पण तिच्यात झोपायला लागले की तुम्हाला ऐकवण्यासारखं काही उरणार नाही. घरात मी दुसऱ्या कोणाशी बोलत नाही, नाना.