इतिहासाच्या बाईंची कपाटे, आणि मुलीने सुचवलेली दुरुस्ती

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, चौतीस वर्षे कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेली, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आहे ते परवा होणाऱ्या शस्त्रक्रियेचे. पण ते कायद्यात धरत नाहीत, असे वकीलबाई म्हणाल्या. याआधीचे दोन मसुदे मी फाडले. सकाळपासून चार वेळा उठून गॅस बंद आहे का ते पाहिले. बंदच होता.

१. राहते घर माझे व माझ्या दिवंगत पतींचे. ते मुलगी व मुलगा यांना निम्मे निम्मे. मुलगा म्हणेल, "मला नको, ताईला द्या." त्याचे ऐकू नये. तो उदार होतो आणि मग दहा वर्षे त्याची आठवण करून देतो.

२. पती कारखान्यात फिटर होते. त्यांची हत्यारांची पेटी मुलीला. ती यंत्रशास्त्र शिकली आहे. पाना कसा धरायचा हे तिला घरात सगळ्यांपेक्षा चांगले कळते. ते शिक्षण तिच्या वाट्याला कसे आले, ते पुढे येईल.

३. भिंतीवरचे घड्याळ धाकट्या दिरांना. दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत ते मला विचारीत, "काय वहिनी, यंदा किती गिऱ्हाइकं गळाला लागली?" आणि स्वतःच हसत. घड्याळ पाच मिनिटे मागे पडते. दुरुस्त करून देऊ नये.

४. दोन्ही लोखंडी कपाटे, त्यांतील पुस्तके, टिपणे व जुन्या कागदांच्या प्रती प्लंबरच्या मुलीला. ही कोण, असे घरचे विचारतील, म्हणून सविस्तर लिहिते.

चौदा वर्षांपूर्वी व्यवस्थापनाने फर्मान काढले: इतिहासाला वीस मुले आली नाहीत तर विभाग बंद. प्राचार्यांनी एका रविवारी पालकांची सभा बोलावली आणि मला बजावले, "बाई, दहा मिनिटं. फक्त नोकऱ्यांचं बोला." मी नोकऱ्यांची यादी करून नेली. हॉल गच्च भरलेला, पंखे बंद, पालक प्रवेशाच्या अर्जांनीच वारा घेत होते. यादीतली तिसरी नोकरी वाचत होते, तोच पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठले. कामावरून तडक आलेले, पायाशी पान्यांची पिशवी, शेजारी मान खाली घातलेली मुलगी.

"बाई, मी प्लंबर आहे. होऊन गेलेल्या गोष्टी शिकून माझ्या पोरीला पुढं काय मिळणार, तेवढं सांगा."

माझी यादी तिथेच संपली. खरे तर माझाही त्या यादीवर विश्वास नव्हता. पिशवीत दुसऱ्या दिवशीच्या तासासाठी काढलेल्या प्रती होत्या, त्याच मी वाटल्या. शंभर वर्षांपूर्वीची दोन पत्रे. पहिले नगरपालिकेला, कपडे धुणाऱ्या बायकांचे: ठेकेदाराने आमचे पाणी तोडले. दुसरे ठेकेदाराचे: तोटी बायकांनीच ओढून मोडली. मी प्लंबरना दोन्ही मोठ्याने वाचायला सांगितली आणि विचारले, "खोटं कोण बोलतंय?"

"बायका," एक बस कंडक्टर म्हणाले.

"का म्हणून?" मागून एक नर्स कडाडली. "एकोणीस जणींचे अंगठे आहेत खाली. एकोणीस जणी एकच खोटं बोलतात होय?"

"का नाही? आमच्या डेपोत बोलतात की!"

हॉल हसला. प्लंबर मात्र कागदावरून बोट फिरवत होते. "थांबा, थांबा. हा म्हणतो तोटी मोडली. आणि खाली लिहितो, साठ फूट नवा पाइप टाकला. तोटी मोडली तर तोटी बदलतात. साठ फूट पाइप कशाला? यानं लाईनच दुसरीकडं वळवलीय!"

मग जो गलका झाला! नगरपालिकेने काय केले, पाणी कोणाच्या दारात गेले, बायकांना अक्षर येत नव्हते तर पत्र लिहून कोणी दिले? शेवटचा प्रश्न प्लंबरच्या मुलीचा होता. प्राचार्य घड्याळ दाखवत होते. मी तिकडे बघितलेच नाही. म्हटले, "मी एवढंच शिकवते. कागद समोर आला की तो कोणी लिहिला, कोणासाठी, आणि काय झाकायला, हे विचारायचं. उद्या तुमच्या मुलांपुढे भाडेकरार येईल, पुढाऱ्याचं भाषण येईल. तेव्हा बाजूला मी नसेन."

टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर एका आईने शांतपणे विचारले, "बाई, तुमची मुलगी काय शिकली?"

माझी मुलगी मला न्यायला आली होती आणि दारातच उभी होती.

"यंत्रशास्त्र," मी म्हटले. "मीच घातली."

"का?"

"भीती वाटली म्हणून."

काही जण हसले. प्लंबर हसले नाहीत.

प्रवेश झाले एकोणीस. एकाने कमी. प्राचार्यांबद्दल माझ्या मनात बरेच काही आहे, पण त्या एकासाठी त्यांनी व्यवस्थापनाकडे तीन खेपा घातल्या आणि तुकडी सुरू करून घेतली, हे लिहून ठेवते. ती तुकडी बाहेर पडली, मी निवृत्त झाले आणि विभागाला कुलूप लागले. प्लंबरची मुलगी आता नगरपालिकेच्या दप्तरखान्यात आहे. पगार बेताचा आहे. मेल्यावर तरी मी नोकऱ्यांबद्दल खोटे सांगणार नाही. लोक घराची कागदपत्रे घेऊन तिच्याकडे जातात आणि ती त्यांना त्यात काय लिहिलेले नाही तेही सांगते. कपाटे तिची.

५. बँकेतील ठेव मुलीला. त्या सभेहून परतताना गाडीत ती म्हणाली होती, "आई, लोकांच्या मुलींना इतकं पटवून दिलंस. मला साधं विचारलंही नाहीस." खरे आहे. सतराव्या वर्षी तिने इतिहासाचा अर्ज भरून आणला होता आणि मी तो फाडला. ती तीन दिवस रडली, जेवली नाही. आधीच्या मसुद्यांत मी अट घातली होती की या ठेवीतून तिने इतिहास शिकावा. मग लक्षात आले, मी मेल्यावरही तिला कॉलेजात घालते आहे. म्हणून ठेव विनाअट.

६. इथवर लिहून झाले आणि मुलगी रुग्णालयाचे कागद घेऊन आली. मी पाणी आणायला उठले तेवढ्यात तिने हे वाचले.

"आई, हे चूक आहे. अर्ज तू नाही फाडलास. मी फाडला."

"काहीतरीच!"

"तू दारात उभी राहून म्हणालीस, 'माझ्यासारखी जन्मभर लोकांना पटवत बसशील.' आणि रडायला लागलीस. मला बघवेना. मग मीच फाडला. तीन दिवस जेवली नाहीस ती तू."

"पुरावा काय?"

"तुझ्याकडे काय आहे?"

तिसरे माणूस तिचे वडील, ते आता नाहीत. मी पेन तिच्यापुढे केले, तिने ते घेतले नाही. लाभ घेणाऱ्याचे अक्षर मृत्युपत्रात नको, एवढे तिलाही कळते. तिने सांगितले, मी लिहिले: "अर्ज मी फाडला. आईनं फाडला असता तर तिच्यावर रागवणं सोपं गेलं असतं."

मला हे असे आठवत नाही. तरी कलम पाच खोडू नये आणि हेही खोडू नये. दोन्ही राहू द्यावे.

सही : इतिहासाच्या बाई
स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक : मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५, दुपारी चार

साक्षीदार १ : खालच्या मजल्यावरचे डॉक्टर. बाई शुद्धीवर आहेत, मात्र एका जागी बसत नाहीत, असे त्यांनी पाहिले.

साक्षीदार २ : कोपऱ्यावरचे औषधवाले. सही करण्याआधी त्यांनी सगळे वाचून विचारले, "पण मग अर्ज फाडला कोणी?" त्यांनी फक्त सहीची साक्ष द्यायची आहे, असे वकीलबाईंनी सांगितले. तरीही ते माझ्याकडे आणि मुलीकडे आळीपाळीने बघत बराच वेळ पेन हातात धरून उभे होते.