खिळ्यावरचा सात नंबर

प्रिय भिंगरी,

पाकीट जरा जड लागलं असेल. आत पत्र्याची एक वस्तू आहे, ती आधी काढू नकोस. कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, पण या एका वेळी माझं ऐक.

इथे पानगळ सुरू झाली आहे. या खोऱ्यात पाऊस नुसता तोंड दाखवून जातो, त्यामुळे डोंगर बाराही महिने भाजलेल्या विटेसारखे. पण हे दोन आठवडे द्राक्षवेलींची पानं आधी पिवळी पडतात, मग तांबडी, आणि उतारच्या उतार पेटल्यासारखे दिसतात. वेचणी झाली की राहिलेसाहिले घड शोधत एक कोल्हा येतो. परवा सकाळी तो मागच्या पायांवर उभा राहून घड ओढत होता, एखाद्या आजोबांनी फळीवरचा डबा काढावा तसा. तुझ्या दादाने खांबावर ठोकलेल्या लाकडी पेटीत या वर्षी घुबडांची जोडी राहायला आली. पेटी ठोकली तेव्हा सगळे त्याची टर उडवत होते, उंटाने घुबडाला बंगला बांधून दिला म्हणून. इथे त्याला उंटच म्हणायचे. एक तर ती उंची, आणि वर दिवसभर पाणी न पिता राबायची सवय. आता वेलींची मुळं कुरतडणारे उंदीर कमी झालेत, तर आमच्या तळघराचे प्रमुख, ज्यांना सगळे वस्ताद म्हणतात, ते त्या पेटीखालून जाताना टोपी काढतात. मी त्या वाटेने जात नाही.

गेल्या वर्षीची वाइनही तयार झाली. काल वस्तादांनी पिंपातून नळीने काढून मला पेलाभर दिली. आधी तुरट लागते, मग पिकल्या जांभळासारखी, आणि गिळल्यावर तापल्या दगडावर पाणी शिंपडल्यासारखा वास मागे राहतो. वस्ताद म्हणाले, वीस वर्षांत अशी उतरली नव्हती. मी चांगली आहे म्हणालो, बाहेर गेलो आणि नळाखाली तोंड धरून बराच वेळ चुळा भरत राहिलो.

मी कॉलेज सोडलं ते तुला माहीतच आहे. प्राचार्यांच्या टेबलावर ओळखपत्र आपटलं, दार इतक्या जोरात ओढलं की कडी हातात आली, आणि ती कडी घेऊनच इथे कामाला आलो. माझं डोकं म्हणजे दूधच, लक्ष नसलं की उतू. वर्गातला माझा सोबती म्हणून दादा सुट्टीत आला तो मला परत न्यायला. महिनाभर इथेच राबला, आणि रोज माझ्यामागे भुणभुण, की फॉर्म भर, वर्ष वाया घालवू नकोस. तुझ्यावर माझा जीव आहे हे त्याला मी सांगितलं नव्हतं, पण तुझं पत्र आलं की मी ते गोठ्यामागे जाऊन वाचायचो, तेवढ्यावरून त्याने ओळखलं. रागावला नाही. उलट हसत सुटला. म्हणाला, डिग्रीशिवाय माझ्या बहिणीचं नाव काढायचं नाही, आणि डिग्री जमत नसेल तर निदान दाढी तरी नीट वाढव, म्हणजे संन्यासी म्हणून खपशील.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगतो. द्राक्षांचा रस तळघरातल्या हौदांत आंबतो, तेव्हा त्यातून एक जड वायू सुटतो आणि तळाशी बसून राहतो. दिसत नाही आणि जाणवतो तेव्हा उशीर झालेला असतो. रस काढून घेतला की तळाचा चोथा उपसायला माणूस उतरतो, पण त्याआधी पेटती मेणबत्ती खाली सोडतात. विझली तर कुणी उतरत नाही. नाही विझली तरी चोथा हलवला की दडलेला वायू सुटू शकतो, म्हणून एक जण खाली आणि एक जण वर तोंडाशी. दोघांनीही आपापल्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला खिळ्याला अडकवायचा. खालच्याने सतत शिट्टी वाजवत राहायचं. शिट्टी थांबली की वरच्याने घंटा वाजवायची. लोक शिडी आणि दोर घेऊन धावत येतात. वरच्याने जागा सोडायची नाही, आभाळ कोसळलं तरी.

तुम्हाला सांगितलं गेलं की दादा गेला त्या दुपारी तो कुणाला न विचारता एकटाच उतरला. कारण खिळ्याला एकच बिल्ला होता, त्याचा, अकरा नंबरचा.

मेणबत्ती नीट जळत होती, भिंगरी. ती मीच सोडली होती. तो उतरला आणि शिट्टी वाजवू लागला, तीच धून, जी तू भांडी लावताना गुणगुणतेस. मुद्दाम. मला चिडवायला. मध्येच थांबून वर ओरडला, काय दाजी, पगार किती, अभ्यास किती, आणि पुन्हा तीच धून. गंमत होती ती. आज कळतं की त्याचा होकार होता तो. तेव्हा माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला. म्हटलं, वाजव हवी तेवढी, मी ऐकायलाच थांबत नाही. आणि मी उठून बाहेर गेलो.

चढावर जाऊन बसलो. समोर कोरड्या ओढ्यात हरणं उतरली होती, नऊ. ऊन तिरपं होतं, तांबड्या पानांतून येत होतं. एक पाडस वाळूत आपल्याच सावलीला बिचकून उड्या मारत होतं. मी ते बघत बसलो. राग कधी उतरला तेही कळलं नाही. मी खुशीत होतो, हे मला लिहायलाच हवं. परत आलो तेव्हा हौदातून काही ऐकू येत नव्हतं. मी घंटा वाजवली, पण त्याआधी खिळ्यावरचा माझा बिल्ला काढून खिशात घातला. हात आपोआप गेला असं वर्षभर स्वतःला सांगतोय. आपोआप नव्हता गेला.

तेव्हापासून ती धून ऐकू येते. नळातून, पिंपाच्या बुचातून, घुबडाच्या पेटीकडून. ऐकू येते तोवर बरं असतं. थांबली की मी जागचा उठतो आणि घंटा शोधू लागतो.

तू लिहिलंस, आई अजून म्हणते की पोराला एवढी साधी अक्कल कशी नव्हती, आणि बाबा त्याचं नाव निघालं की ताटावरून उठतात. तू लिहिलंस की वस्तादांनी तुम्हा तिघांना रविवारी बोलावलंय, दादाच्या हौदातलं पहिलं पिंप तुमच्या हातून उघडायला, आणि मी शेजारी उभा असेन तर तुला धीर येईल. तुझा हात हातात घेऊन उभं राहायचं माझं वर्षभराचं स्वप्न आहे, आणि मी गप्प राहिलो तर ते रविवारी खरं होईल. म्हणून हे पत्र रविवारच्या आत तुला मिळायला हवं. पत्र्याची वस्तू आता काढ. आईबाबांसमोर ठेव आणि सांग, त्याने सगळं नियमानेच केलं होतं, मेणबत्तीही, शिट्टीही. वर बसलेला माणूस उठून गेला. वस्तादांना मी उद्या सकाळी सांगणार आहे. नंतर काय व्हायचं ते होईल. रविवारी मी कुठे उभं राहायचं, की तुमच्यासमोर यायचंच नाही, ते तुम्ही सांगा.

‘तुझाच’ लिहायला हात धजत नाही, जागा सोडून ठेवतो,

सात नंबर