वाणात दिलेला पासवर्ड

बेसा, नागपूर

चि. चंपतराव यास ताईचे आशीर्वाद.

फोनवर तू मधेच बोलतोस, आणि भूमिकेला पाहण्याचा कार्यक्रम कसा झाला हे सलग सांगणे जरूर आहे, म्हणून हे पत्र. गुडघा बरा असेल. नसेल तर धंतोलीत डॉक्टरांना दाखव, मला वर्णन कळवू नकोस.

मुलाकडचे पुण्याचे, म्हणून बोलणे व्हिडिओवर ठरले, आणि माझे नेट चांगले म्हणून तू लेक इथे पाठवलीस. नेट चांगले होते. (होते, हे लक्षात ठेव.) प्लॅनवर ‘अनलिमिटेड’ लिहिले होते. जे संपत नाही ते वाटायला काय हरकत, म्हणून यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी डबे न लुटता वायफायचा पासवर्डच वाण म्हणून लुटला, तिळगुळाच्या पुडीवर सुवाच्य अक्षरात लिहून. आठवडाभरात कंपनीचा संदेश आला की माझा ‘उचित वापर’ संपला. आजवर माझ्या वागण्याला अनुचित म्हणायची कोणाची हिंमत झाली नव्हती. फोन केला. तिकडचा मुलगा म्हणाला, प्लॅन अनलिमिटेडच आहे, लिमिटनंतर फक्त स्पीड कमी होते. मी विचारले, म्हणजे पंगत चालू, पण पानात एकेक शीत? “बरोबर मॅडम. पण पंगतीतून उठवत नाही आम्ही कोणाला.” जास्तीचा डेटा घेतला, तोही पंगतीने संपवला. पासवर्ड बदला म्हणाला. दिलेले वाण परत घ्यायचे? त्याच्या घरी बायका नसाव्यात.

कार्यक्रमाच्या दिवशी मी घरोघर जाऊन तासभर नेट बंद ठेवण्याची विनंती केली, तर शेजारच्या प्रयागबाईंनी मलाच ऐकवले, “इंदुताई, मागच्या वर्षीचा डबा अजून चालून राहिला. हे काहून नाही चालत जी?”

शेवटी व्हिडिओ लागला. मुलाची आई लाडू तोंडाशी नेऊन थिजली. तिचा घास होईपर्यंत आम्ही शिष्टाचार म्हणून थांबलो. मुलगा कान खाजवताना अडकला होता. तेवढ्यात भूमिकेने स्वच्छ शब्दांत सांगितले की हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी ती सोडणार नाही, मुलाने नागपुरात यावे. कोणी हलले नाही. ती म्हणाली, “आत्या, हा ऐकून राहिला का फोटो आहे वं?”

संध्याकाळी मुलाच्या आईचा फोन आला. मुलगी हसतमुख, शांत, मधे बोलत नाही (तुझ्यावर गेलेली नाही). पसंत आहे. अभिनंदन.

तुझी
इंदुताई

ता. क. भूमिकेची अट पुण्याला पोचलेलीच नाही. कान खाजवतानाही मुलगा हसत होता, म्हणून तिलाही तो बरा वाटला. तेव्हा त्यांना खाप्याला तुझ्या घरी बोलाव. ती अट समोरासमोर पुन्हा सांगेल, त्या वेळी तू मधे बोलू नकोस. नोकरी सुटणार असेल तर लग्न नाही. हे तिचे म्हणणे आहे आणि माझेही.

आणखी ता. क. भूमिकेच्या हाती दिले: तिळाचे लाडू (डबा परत पाठवणे), तुझ्या गुडघ्याचे तेल, आणि वहिनीचे वाण. ते खाप्यापर्यंत लागत नाही, पण वाण आहे, नाही म्हणू नये.