महेशचं पुण्यातलं बिऱ्हाड

२ मे
पोराचा, महेशचा फोन. करार संपला, घरमालकानं भाडं एकदम पाच हजारांनी वाढवलं. म्हणला, "दादा, पल्लवीला आन ओवीला चौसाळ्याला पाठवतो. दोनेक महिने. तवर स्वस्तातली खोली बघतो." बरं म्हणलो. दुसरं काय म्हणणार.

११ मे
सूनबाई, नात, टेम्पोभर सामान आलं. फ्रिज, गाद्या, ओवीची सायकल. वरच्या दोन्ही खोल्या दिल्या, पडूनच असतात. महेश सामान उतरवून लगेच परत. आता तिघा पोरांसंगं एका खोलीत राहणार, कॉट बेसिसवर. म्हणजे निस्त्या खाटेचं भाडं.
सौ. लई खूश. खरं सांगायचं तर मीबी. पल्लवीसमोर दाखवत न्हाई.

१८ मे
लिंबागणेशहून विहीणबाई आलत्या. चहा घेतला न्हाई. "पावणं, लेक पुण्यात दिलती मी." पोरगं पुण्यात हाय, हे लग्नाच्या बैठकीत मीच दोन-चारदा सांगितलेलं.

२४ मे
महेशला सुट्टी न्हाई म्हणून मीच पुण्याला गेलतो. एजंटसंगं दिवसभर जिने. रिटायर झाल्यापासून एवढा चढलो नव्हतो. एक खोली पटली. तिसरा मजला, उजेड चांगला, भाडं महेशला झेपण्यासारखं. मालकीणबाई गोड बोलल्या, पाणी दिलं. मग, "गाव कुठलं तुमचं?"
"चौसाळा. जिल्हा बीड."
बाईंनी पाण्याचा गिलास उचलला. "ह्यांना विचारून कळवते."
जिन्यात एजंट म्हणला, "काका, बीड कशाला सांगितलंत? बीड म्हणलं की लोक बिचकतात. नगर सांगायचं."
जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, कुणाचं वाकडं केलं न्हाई. आन आता गाव चोरायचं?
महेशला सांगितलं, मला खोली पटली न्हाई.

७ जून
महेश एका दिवसासाठी आला. गालफडं बसलीत. ओवी त्याच्याकडं जाईना, सौ.च्या पदराआड. त्यानं आणलेलं चॉकलेट तिथूनच हात लांब करून घेतलं. तो हसला, पण...
जेवताना मी शाळेचा विषय काढला. महेश भाकरी कुस्करत म्हणला, "इथंच घाला नाव, दादा."
पल्लवी ताटावरून उठली. सौ. म्हणली, "आगं, जेव की!" तिनं ऐकलं न्हाई.

१६ जून
ओवीला पहिलीत बसवली. मास्तर ओळखीचे. तिथल्या बाईला ती "मिस" म्हणली, पोरं लई हसली, तीबी हसली. पल्लवी फाटकाबाहेरच थांबली. आत ये म्हणलो तर, "तुमीच जा."

२८ जून
पल्लवीचं नर्सिंग झालेलं. ओवी झाल्यापासून घरीच होती. पुण्याच्या एका हॉस्पिटलात काम मिळतंय. राहायला नर्सेसच्या हॉस्टेलात जागा, पण लेकरू चालत न्हाई.
"दादा, दोघं कमावलो तरच खोली होईल. ओवीला ठेवता का?"
"महेश काय म्हणतो?"
"त्यांनीच काम बघितलंय."
म्हणजे एकाच शहरात नवरा एका खाटेवर, बायको दुसरीकडं. लेकरू इथं. सौ.ला सांगितलं तर ती रडायलाच लागली. आतापर्यंत ओवी इथंच राहावी म्हणून हीच देवापुढं बसायची.
पल्लवीला म्हणलो, विचार कर. म्हणली, "करूनच बोलले."

१ जुलै
ओवीला कुणी सांगायचं? पल्लवी म्हणती आजी सांगतील. सौ. म्हणती तुमी सांगा. मी दोनदा तिला जवळ घेतली. तिनं दोन्ही वेळा शाळेतलं गाणं म्हणून दाखवलं. मी ऐकलं.

३ जुलै
उजाडताना पल्लवीला गाडीवर हायवेला सोडलं. ओवी झोपेत होती. निघताना विचारलं, उठवू का?
"नका दादा. उठली तर माझ्यानं जाणं होणार न्हाई."
बसला उभं राहायला जागा न्हाई. तिची बॅग मीच वर ढकलली. वाकून बघितलं, गर्दीत दिसली न्हाई. बस गेल्यावरबी जरा वेळ तिथंच थांबलो.
घरी आलो तर ओवी उठून ओट्यावर बसलेली. सौ. तिची वेणी घालतीय. माझ्याकडं बघून म्हणली, "आज्जा, मला पण गाडीवर चक्कर."
चक्कर मारून आणली. अजून तिनं विचारलं न्हाई.