पाटावरची मुलाखत

१० जानेवारी १९८३, सोमवार

जया नापास झाली! परीक्षेत न्हाई. मॅट्रिकला माझी नात पहिल्या झटक्यात पास हाय. नापास झाली मुलाखतीत, पिरंगुटला, त्या औषधाच्या बाटल्या भरायच्या नव्या कारखान्यात. आणि नापास केली कुणी? मी!

मला काय ठाऊक मुलाखत म्हंजे काय असतं? मला वाटलं, चार मोठी माणसं बसत्यात, पोरगी पुढं बसती, ते विचारत्यात, ती सांगती. असं तर जन्मभर बघितलंय की! पोरगी दाखवताना. मग तसंच शिकवलं तिला. नजर खाली. आवाज हळू. विचारतील तेवढंच. आणि तुझं सांग म्हणले की घराण्याचं सांगायचं.

साहेबानं विचारलं, "स्वतःबद्दल सांगा." ही फरशीकडं बघत म्हणली — वडील हैबतराव, शेती भाताची, चुलते दोन, मामाचं गाव ताम्हिणी. साहेब हसला म्हणं. "बाई, मी तुमच्या वडलांना नोकरी देत नाहीये. तुम्ही कोण?"

जयाच्या तोंडातनं शब्द फुटंना. येष्टीतनं उतरली ती रडतच. पुढच्या महिन्यात परत बोलावणार हायेत, एवढंच बरं.

११ जानेवारी, मंगळवार

हैबती, माझा ल्योक, म्हणला, "आये, बास झालं आता. कासारसाईचं स्थळ आलंय. ओढ्याकाठची भिजती जमीन हाय."

मी म्हणलं, एक डाव परत जाऊ दे तिला. त्यानं पान जुळवलं, तोंडात टाकलं. मग म्हणला, "एकच. न्हाई जमलं तर पाटावर बसायचं, शिमग्याच्या आत लगीन. परत माझ्याम्होरं नोकरीचं नाव काढायचं न्हाई."

जया भिताडाला टेकून उभी होती. बोलायचीच तर बोंब हाय पोरीची!

१४ जानेवारी, संक्रांत

आजपासून मी साहेब.

ओट्यावर पोत्याची घडी टाकून बसले. आमच्या म्हाताऱ्याचा चष्मा होता फडताळात, तो लावला. एक काडी न्हाई त्याची, दोरा बांधला. समोर सगळं धुकं! साळू, माझी सून, तिळाचे लाडू वळत होती, ती हसून हसून लवंडली.

जयाला म्हणलं, ये आत. ती आली आणि पाया पडली! म्हणलं, साहेबाच्या पाया पडत्यात का गं? परत जा, परत ये. असं चार डाव झालं. चवथ्या डावाला ताठ आली, पण नजर खालीच.

लाडू यंदा झकास झालेत. गूळ चांगला लागला.

१९ जानेवारी, बुधवार

माझ्या डोळ्यांत बघून बोलताच येत न्हाई तिला. थोरामाणसाकडं बघायचं न्हाई, हे मीच लहानपणी टाळक्यात टपली मारून शिकवलं. आता मीच म्हणते, वर बघ! पोरीनं करावं काय?

म्हणलं, म्हशीकडं बघून बोल. म्हैस काय साहेब न्हाई, सासरा न्हाई. गोठ्यात उभी राहून बोलली चांगली घडघड. परत आली न् म्हणली, "आज्जे, म्हशीनं निदान मान तरी हलवली. तू नुसती चष्मा सावरतीस."

२२ जानेवारी

विचारलं तिला, तुला येतं काय? म्हणली, "काही न्हाई." असा राग आला मला!

अगं, उन्हाळ्यात सगळ्या आळीचं लोणचं कोण भरतं? तूच ना? बरणी धुणार, उन्हात वाळवणार, फडकं फिरवणार, हात कोरडा करूनच आत घालणार. पावसाळाभर हितं भिताडाला बुरशी येती, पायताणाला येती, पर तुझ्या बरणीला येत न्हाई. आणि त्या कारखान्यात काय भरायचंय? बाटल्याच ना?

"आज्जे, लोणचं काय सांगायचं असतं व्हय साहेबाला?"

"मग काय मामाचं गाव सांगायचं असतं?"

हसली. कारखान्यातनं आल्यापास्नं पहिल्यांदा हसली.

मग म्हणली, आता मी साहेब, तू बस. चष्मा लावला. "नाव सांगा बाई." मी म्हणलं, हैबतीची आय. ती टेबलावर हात मारल्यासारखा पाट बडवून म्हणली, "बाई, मी तुमच्या पोराला नोकरी देत नाहीये! तुम्ही कोण?"

चांगुणा, म्हणलं. लई वर्सांनी आपलं नाव आपल्याच तोंडातनं ऐकलं. लाजच वाटली. बरं पण वाटलं.

२ फेब्रुवारी, बुधवार

कार्ड आलं. मुलाखत गुरुवारी, दहा तारखेला. आणि हैबतीनं कासारसाईच्या पाव्हण्यांना कधी बोलावलंय? गुरुवारी, दहा तारखेलाच! कार्ड यायच्या आधीच निरोप गेला होता म्हणं.

"पाव्हण्यांना नको कसं म्हणू, आये? इज्जतीचा सवाल हाय."

जयानं कार्ड फडताळात ठेवलं, चष्म्याखाली. साळूनं पोह्याला शेंगदाणे निवडायला घेतले. मी काही बोलले न्हाई. मी बोलत न्हाई म्हंजे हैबतीनं खरं तर भ्यायला पायजे होतं.

१० फेब्रुवारी, गुरुवार

हैबती पहाटे खळ्यावर पेंढा रचायला गेला. पहिल्या येष्टीत जयाला बसवली. म्हणलं, जा. पाव्हण्यांचं मी बघते.

आले तिघं. कोंडीराम, त्यांच्या मंडळी आणि पोरगा सोपान. पाट मांडलेला, रांगोळी घातलेली, पोरगी न्हाई! मी म्हणलं, ती मुलाखतीला गेलीय. हैबतीचं तोंड असं झालं, की मला वाटलं ह्याला आता पाणी पाजावं लागतंय.

पोरगा बिचारा उभाच. म्हणलं, पाट रिकामाच हाय, तू बस बाळा. बसला की! म्हणलं, स्वतःबद्दल सांग.

खाली बघत म्हणला — वडील कोंडीराम, जमीन ओढ्याकाठची, चुलते तीन, मामा...

आता सांगा, मी गप कशी बसू? "बाळा, मी तुझ्या वडलांच्या जमिनीला नात देत न्हाई. तू कोण?"

त्यानं वर बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. कान लाल झालं. कोंडीराम उठला. "म्हातारे, पाव्हण्यांना असं विचारत्यात व्हय?" पोहे तसेच टाकून गेले. जाताना पोरगा दारात थांबला, मागं वळून बघितलं. बापानं हाक मारली, गेला.

हैबती म्हणला, "चांगलं स्थळ घालवलंस, आये." आणि खळ्यावर जाऊन बसला. मला पण वाईट वाटलं. पोरगा वाईट न्हवता.

चारच्या येष्टीनं जया आली. लांबूनच हात हलवत! साहेबाकडं बघताना मनात म्हैस धरली म्हणं. "मी जया, म्हणले आज्जे. आधी मी. मग लोणचं सांगितलं. साहेब म्हणला, हात कोरडा करूनच का? मी कारण सांगितलं. म्हणला, सोमवारपासून या!"

मी, साळू, दोघी रडलो. हैबती भाकरी खाऊन उठला. हात धुताना म्हणला, "पहिल्या गाडीला अंधार असतो. सोमवारी मी येतो फाट्यापातूर." बास. माझा ल्योक हाय तो.

१५ फेब्रुवारी

पांढरा कोट घालत्यात म्हणं तितं. आपल्या जयाला कोट!

१ मार्च, मंगळवार

कासारसाईचा सोपान आलाय! एकटा, सायकलवर, घामाघूम. माझ्या डोळ्यांत सरळ बघून म्हणला, "आजी, त्या दिवशी उत्तर आलं न्हाई. आज सांगायला आलोय."

मी म्हणलं, मला नको सांगू. पाणी पी. पाटावर बस.

साहेब यायचीय, सहाच्या गाडीनं.