दुपारच्या जहाजाची गोळी

विशाखापट्टणम, ६ जानेवारी

ती. रुचिता दीदीस,
प्रशिकचा सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर बाबा कान लावून बसतात, म्हणून लिहून राहिलो. चुका निघतील, हसून घे. विमान कंपनीनं परदेशाच्या नव्या वाटा उघडल्या अन् जहाजं तिकडं नेली. इथून आपल्या रायपूरचं दुपारचं जहाज बंद झालं. मी सामान चढवत होतो, तेच. ठेकेदार म्हणतो गुवाहाटीले चल, तिकडं उड्डाणं वाढून राहिली. तसंही इथं मन उबलंच होतं माझं. पण बाबाले मीच सांगून ठेवलं ना, अभनपुरावरून माझं जहाज गेलं की लकव्याची गोळी घ्यायची. आता कशावर घेतील? तू काहीतरी जमव.

आईले जयभीम. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा प्रशिक

अभनपूर, १२ जानेवारी

चि. प्रशिकास मंगलकामना.

तुझं अक्षर पाहून हसले, मग हसू राहिलं नाही. बाबा आंगणात खाटेवर मान वर करून बसतात. आधी म्हटलं, धुक्यानं उशीर आहे. मग दिल्लीचं जहाज दाखवलं. ते लई उंचावरून गेलं. बाबा म्हणाले, "याले माझ्या पोट्ट्याचा हात नाही लागला," अन् दात आवळून घेतले. आईनं गोळी वरणात कुटून घातली, तर ताट सरकवलं. काल त्यांची जीभ पुन्हा जड झाली. डॉक्टर रागावले. आई म्हणते, नोकरी सोडून येऊ नको म्हणून लिही. लिहिलं. पण ते तिचं आहे, माझं नाही.

जेवत जा. आठवण ठेव.

तुझी दीदी

विशाखापट्टणम, १८ जानेवारी

ती. दीदीस,
स. जयभीम.

ठेकेदाराले नाही म्हटलं. तो म्हणाला, कंपनी एवढी वाढून राहिली अन् तू घरी चालला, येडा आहेस काय? हव म्हटलं. बाबाले फोनवर सगळं खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, "तर गोळी तुझ्याच हातानं घेईन."

आज रेल्वेनं निघून राहिलो. पत्र पोचेल तेव्हा मी खाटेजवळच असीन. तोंडानं सांगता येणार नाही, म्हणून लिहितो. रायपूरजवळ बीरगांवच्या कारखान्यात काम भेटलं तरी किती टिकीन, तुले माहीत आहे. कुठंच टिकलो नाही मी. एखाद दिवशी आंगणात मान वर करून उभा दिसलो, बॅग काढताना दिसलो, तर भांडू नको. हे पत्र जपून ठेव अन् तेव्हा फक्त माझ्या हातात दे.

लोभ ठेव, अन् पहाराही.

प्रशिक