टॅब तपासायचे राहिले

सर, तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तुमच्या मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी आकाशवाणीच्या वेळेच्या ठोक्यांवर आम्ही आधी सगळी स्टॉपवॉच तपासून घ्यायचो. एकदा मी कंटाळा केला आणि मैत्रिणीच्या नावापुढे ‘प्रतिसाद मंद’ असं लिहून आणलं. तुम्ही वही मिटलीत. "तू कुणाला मोजलंस, हिला की घड्याळाला?" एवढंच विचारलंत. वर्ग हसला. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता तोच विषय मी शिकवते. चिकलठाण्याच्या एका कारखान्याला मशीनवर बायका घ्यायच्या होत्या, त्यांची चपळाई मोजायचं काम माझ्याकडे आलं. शहरातल्या मुलींना कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसवलं, करमाड गावी मात्र स्वस्तातले टॅब घेऊन गेले. पडद्यावर हिरवा गोल दिसला की बोट टेकवायचं. समाजमंदिरात सतरंजीवर मेंढपाळाच्या घरातली एक सून बसली आहे, बांगड्या कोपराकडे सारून. पाचव्या फेरीलाच ती म्हणते, "म्याडम, म्या कव्हाच टेकवलं, ह्येच झोपलंय."

"लांडगा आला तर त्येला बी हेच सांगत बसशील का?" शेजारीण म्हणते. सगळ्या हसतात. मीही हसते आणि पुढची फेरी लावते.

वेळेची मर्यादा मी कॉम्प्युटरवरच्या आकड्यांवरून ठरवली होती. त्या सुनेचे आकडे त्याबाहेर गेले. तिला नोकरी मिळाली नाही.

परवा फोनच्या स्लो मोशनमध्ये टॅबवर टेकणारं माझंच बोट टिपलं आणि चित्र थांबवत थांबवत पाहिलं. बोट टेकलंय, गोल तसाच. अजून तसाच. मग जातो. सरसकट वजा करावा असा ठरावीक उशीरही नाही. कधी थोडा, कधी दुप्पट. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर एवढा होत नाही. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. स्वतःला समजावते, ती खरंच हळू असेलही. पण मला ते माहीत नाही, आणि माहीत नसताना मी अहवालावर सही केली. तिनं तर तेव्हाच सांगितलं होतं. भरती अजून चालू आहे, फेरचाचणी मागता येईल. फक्त चूक माझी, हे आधी लिहावं लागेल.

तुम्ही काय म्हणाल हे ठाऊक आहे, म्हणून तुम्हाला लिहिणं सोपं गेलं. हे पत्र मी दोनदा सुधारून लिहिलं. कारखान्याचं अजून सुरूही केलेलं नाही.